उंबरठ्याची उंची

टॉडमॉर्डन. कॅल्डर नदीचं अरुंद खोरं, नोव्हेंबर.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत हीटर टकटक करतोय
आणि मी सत्तेचाळीस दारांची उंची शोधते आहे
फुकटच्या नकाशांत.

पूर समितीला यादी हवी:
पाणी कुणाकडे आधी, कुणाकडे मागाहून.
सर्व्हेअर परवडत नाही.
"तू कॉम्प्युटरवाली ना," क्लाइव्ह सटक्लिफ म्हणाले.
मी लोकांचे पगार काढते, एवढंच.
पण नाही म्हणवलं नाही.

काम सोपं. दारावर टिचकी मारायची,
अक्षांश-रेखांश उचलून दुसऱ्या खिडकीत सरकवायचे,
पलीकडून आकडा येतो
बँकेत टोकन यावं तसा.

पहिल्या दिवशी उणे चिन्ह राहिलं.
अख्खी गल्ली उत्तर समुद्रात,
खाटकाच्या दुकानासकट, उंची शून्य.
दुसऱ्या दिवशी रेखांश आधी टाकले,
तर तीच गल्ली विषुववृत्ताखाली, हिंदी महासागरात.
म्हटलं, चला, माहेराच्या जरा जवळ.

तिसऱ्या दिवशी जमलं.
एनिड ग्रीनवुड, वय शहाऐंशी,
नदीला पाठ टेकून बसलेलं घर:
एकशे एकेचाळीस मीटर.
मी धावत सांगायला गेले, तुम्ही वर आहात!

बाईंनी दार सताड उघडलं.
चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
वाढत्या पोरांच्या मारतात तशा,
पण या पाण्याच्या. प्रत्येकीपुढे साल.
सगळ्यात वरची माझ्या बरगडीला.
"एकशे एकेचाळीस?" त्या म्हणाल्या,
"पाण्याला कुणी कळवलं नाही वाटतं."

रात्री शोधत बसले.
तो नकाशा जमीन तीस-तीस मीटरच्या चौकोनांत मोजतो.
एका चौकोनात नदी, एनिडबाई, मागची चढण,
चढणीवरचा बीच वृक्ष, शेंड्यासकट,
कारण अंतराळातून शेंडाही जमीनच दिसते.
सगळ्यांत मिळून एकच आकडा.
सरासरीत कुणी बुडत नाही.

मग दुसरा सापडला, तोही फुकट,
विमानातून प्रकाश सोडून मोजलेला,
मीटर-मीटरवर, झाडं नि छपरं सोलून.
नदीचा काठ एकशे सत्तावीस पूर्णांक एक.
एनिडबाई एकशे सत्तावीस पूर्णांक चार.
मधे शाळेतली एक पट्टी.

क्लाइव्हचं जुनं जीपीएस मात्र म्हणे एकशे अठ्ठ्याहत्तर.
त्याचं शून्य वेगळं.
इथलं शून्य दूर न्यूलिनच्या बंदरात,
शंभर वर्षांपूर्वी भरती-ओहोटी टिपून ठरवलेलं.
समुद्रसपाटी म्हणतो आपण.
सपाट कधी होता तो?

आमचं शून्य सांगलीत, आयर्विन पुलाखाली.
वडील सायकलवरून पातळी बघून यायचे,
जेवताना फूट सांगायचे, मेथीचा भाव सांगावा तसे.
चाळीस म्हटलं की आई तांदळाचा डबा माळ्यावर चढवायची.
आमचा उंबरठा बेचाळीस, तिला तोंडपाठ.
परवा त्या जागेवरही टिचकी मारून पाहिली.
आकडा भलताच वर आला.
आता तिथे अपार्टमेंट आहे,
गच्ची मोजली असणार.

यादीत एक रकाना वाढवला मी,
टेप घेऊन दारोदार गेले: कुठवर आलं होतं?
लोक हात लावून दाखवतात. गुडघा. कंबर.
एकाने पियानोच्या काळ्या पट्ट्या दाखवल्या.
एकीने नुसतं जिन्याकडे पाहिलं,
तो रकाना मी कोरा ठेवला.

शेवटी पुन्हा एनिडबाई.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढून दिली.
मी वाकले, उंबरठ्याच्या दगडावर लिहिलं:
१२७.४
चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं.
"बरं झालं," म्हणाल्या, "आता वाचून तरी आत येईल,"
आणि चहाला आधण ठेवायला गेल्या.